केबल आणि दूरसंचाराचं जाळं उभारणाऱ्या कंत्राटदार कंपन्यांत गुंतवणूक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भारतनेटची (ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याच्या सरकारी योजनेची) कंत्राटं जाहीर झाल्यापासून या कंपन्यांबद्दल प्रश्न वाढले आहेत. बहुतेक प्रश्नांचा रोख ‘ऑर्डर केवढी मिळाली’ याकडे असतो. खरा मुद्दा मात्र त्या ऑर्डरचे पैसे कधी हातात येतात हा आहे, म्हणून खालच्या उत्तरांत त्याला जास्त जागा दिली आहे. कंपन्यांची नावं उदाहरणादाखल आहेत, खरेदी-विक्रीचा सल्ला म्हणून नाहीत.

१. या कंपन्या नेमकं काय करतात? टॉवर कंपन्या म्हणजेच या का?

नाही. जिओ, एअरटेल, बीएसएनएल हे ऑपरेटर. इंडस टॉवर्ससारखी कंपनी टॉवरची मालक असते आणि दरमहा भाडं घेते. कंत्राटदार कंपनी रस्त्याकडेला चर खोदते, त्यात एचडीपीई डक्ट (प्लास्टिकची नळी) टाकते, हवेच्या दाबाने त्यातून फायबर केबल ढकलते, सांधे मारते, टॉवरवर अँटेना चढवते आणि सगळं चालू करून ग्राहकाच्या ताब्यात देते. बऱ्याचदा पुढची देखभालही तिच्याकडेच असते. टॉवर कंपनीचं भाडं वर्षानुवर्षं चालतं. कंत्राटदाराचं काम संपलं की त्याला पुढचं टेंडर शोधावं लागतं. म्हणून दोघांचे पी-ई (शेअरची किंमत भागिले दर शेअर नफा) शेजारी ठेवून ‘हा स्वस्त, तो महाग’ असं ठरवता येत नाही.

२. शेअर बाजारात अशा कोणत्या कंपन्या आहेत?

शंभर टक्के हेच काम करणारी मोठी कंपनी शोधायला गेलात तर फारशी सापडणार नाही. बहुतेकांचे धंदे मिश्र आहेत.

एचएफसीएल केबलही बनवते (तिचा एक केबल कारखाना गोव्यात आहे) आणि जाळंही उभारते. रीवाची विंध्य टेलिलिंक्स तशीच, केबल आणि ईपीसी (आराखडा, खरेदी आणि उभारणीचं कंत्राट) दोन्ही करणारी. स्टरलाइट टेक्नॉलॉजीजने आपला नेटवर्क उभारणीचा धंदा एसटीएल नेटवर्क्स या वेगळ्या कंपनीत काढला (प्रश्न १३ पाहा). छत्रपती संभाजीनगरचे फायबर आणि काचेचे कारखाने मूळ कंपनीकडेच राहिले. हैदराबादची बोंडाडा इंजिनिअरिंग टॉवर उभारणीतून वर आली आणि आता सौरऊर्जेतही आहे. एनसीसी आणि दिलीप बिल्डकॉन या मुळात बांधकाम आणि रस्त्यांच्या कंपन्या आहेत, पॉलिकॅब वायर-केबलची. या तिघींनीही भारतनेटची कामं घेतली आहेत.

ऑर्डर कोणाला मिळाली याइतकंच, त्या कंपनीच्या एकूण धंद्यात तिचं वजन किती, हेही पाहा. पॉलिकॅबला कर्नाटक-गोवा-पुदुच्चेरीचं पॅकेज (त्या भागाचं एकत्रित कंत्राट) मिळालं, पण तिची वार्षिक विक्री २२ हजार कोटींच्या वर आहे. तिथे भारतनेटचं काम बिघडलं तर खरचटेल. एखाद्या छोट्या कंपनीचं अशाच पॅकेजमध्ये कंबरडं मोडेल.

३. भारतनेटच्या ऑर्डरचा आकडा कसा वाचायचा?

आधी पार्श्वभूमी. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याच्या या योजनेला ऑक्टोबर २०११ मध्ये मंजुरी मिळाली, तेव्हा तिचं नाव राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर नेटवर्क होतं. मुदती अनेकदा पुढे गेल्या. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुधारित भारतनेट कार्यक्रमाला १,३९,५७९ कोटी रुपये मंजूर केले. आता २.६४ लाख ग्रामपंचायती रिंग पद्धतीने जोडायच्या आहेत, म्हणजे एका बाजूने केबल तुटली तरी दुसरीकडून डेटा फिरेल. कंत्राट एकत्रित आहे: आराखडा, उभारणी, चालवणं आणि देखभाल. उभारणीला ३ वर्षं, देखभालीला १० वर्षं.

नव्या जाळ्याच्या देखभालीसाठी पहिली ५ वर्षं उभारणी खर्चाच्या दरवर्षी ५.५ टक्के आणि पुढची ५ वर्षं ६.५ टक्के मिळतात. बेरीज ६० टक्के. म्हणजे उभारणीचे १०० रुपये असतील तर देखभालीचे ६०, आणि जुन्या जाळ्याची देखभाल वेगळी.

एचएफसीएलच्या पंजाब पॅकेजवर हे ताडून पाहा. जाहीर आकडा सुमारे २,५०१ कोटींचा. त्यात उभारणी साधारण १,२४४ कोटी, नव्या जाळ्याची देखभाल ७४६ कोटी (१,२४४ चे बरोबर ६० टक्के) आणि आधीच्या जाळ्याची देखभाल ५११ कोटी. बातमीत ‘अडीच हजार कोटींची ऑर्डर’ दिसते, पण तीन वर्षांच्या उभारणीतून विक्रीत येणार ते त्याच्या निम्मे, वर्षाला सरासरी ४१५ कोटी. नव्या जाळ्याच्या देखभालीचे पहिली पाच वर्षं वर्षाला ६८ कोटींच्या आसपास.

अडीच हजार कोटींना तीनने भागून पुढच्या तीन वर्षांची विक्री काढणं ही या क्षेत्रातली सगळ्यात नेहमीची चूक आहे. एक्स्चेंजला दिलेल्या पत्रात ही फोड असते. ते पत्र दोन पानांचं असतं, तेवढं वाचाच. रक्कम जीएसटीसह आहे की सोडून, हेही तिथेच कळतं. कामाच्या कंत्राटावर १८ टक्के जीएसटी धरला तर फरक मोठा पडतो.

४. ‘एल-१’, ‘ॲडव्हान्स वर्क ऑर्डर’ आणि करार यांत फरक काय? शेअर तर एल-१ च्या बातमीवरच पळतो.

एल-१ म्हणजे सर्वांत कमी दराची निविदा तुमची. एवढंच. अजून वाटाघाटी होतात, तक्रारी येतात, क्वचित टेंडरच रद्द होतं. त्यानंतर ॲडव्हान्स वर्क ऑर्डर येते: ‘काम तुम्हाला देत आहोत, ठरलेल्या मुदतीत परफॉर्मन्स बँक गॅरंटी (काम नीट झालं नाही तर पैसे देण्याची बँकेची हमी) आणा.’ गॅरंटी भरली की करारावर सही, मग सर्वेक्षण आणि मग खोदाई. एल-१ पासून पहिलं बिल निघेपर्यंत वर्ष गेलं तरी नवल नाही.

एल-१ होण्यात एक धोकाही दडलेला असतो. दुसऱ्या क्रमांकाच्या निविदेपेक्षा दर फारच खाली असेल तर कंपनीला इतरांना न सुचलेली बचत सुचली आहे किंवा तिने हिशेबात काहीतरी सोडलं आहे. दुसरं जास्त वेळा घडतं.

५. ऑर्डर बुक (हातातल्या कामांची एकूण रक्कम) विक्रीच्या चौपट आहे. चांगलंच ना?

अर्धवट चांगलं. आधी देखभालीचा भाग वजा करा (प्रश्न ३). मग मुदत संपून गेलेली, जागच्या जागी अडकलेली कामं शोधा. तीच ऑर्डर तीन वर्षं ‘हातात’ दिसत असेल तर ती हातात नाही, गळ्यात आहे. उरलेल्या आकड्याला गेल्या वर्षीच्या विक्रीने भागा. दीड ते अडीच पट आलं तर कामाचा ओघ आणि आवाका यांचा मेळ आहे असं म्हणता येईल. चार पट असेल तर माणसं, यंत्रं आणि बँकेची कर्ज-गॅरंटीची मर्यादा त्या मापाने वाढते आहे का, हे पाहावं लागतं.

६. नफा दिसतो, पण रोख कुठे आहे?

या धंद्याचं सगळं दुखणं इथेच आहे, म्हणून उत्तर लांब आहे.

इंड एएस ११५ या लेखा मानकाप्रमाणे काम जसं पुढे सरकतं तशी विक्री नोंदवली जाते. पण ग्राहक पैसे देतो टप्प्यांवर: माल साइटवर पोचला की काही, केबल टाकून झाली की काही, चाचणी होऊन जाळं स्वीकारलं की काही, आणि शेवटचे काही टक्के हमीचा काळ संपल्यावर. त्यामुळे येणं तीन ठिकाणी विखुरतं. बिल दिलं पण पैसे आले नाहीत ते ‘ट्रेड रिसीव्हेबल्स’. काम झालं पण बिल करायचा टप्पा आला नाही ते ‘कॉन्ट्रॅक्ट ॲसेट’ किंवा ‘अनबिल्ड रेव्हेन्यू’. राखून ठेवलेले ते ‘रिटेन्शन मनी’, जे काही कंपन्या दीर्घ मुदतीच्या मालमत्तेत दाखवतात. बहुतेक संकेतस्थळं पहिलाच आकडा घेऊन ‘येण्याचे दिवस’ काढतात.

एक काल्पनिक हिशेब करू. विक्री ८०० कोटी, रिसीव्हेबल्स ३२० कोटी, अनबिल्ड १६० कोटी. नुसत्या रिसीव्हेबल्सवर १४६ दिवस येतात. दोन्ही धरले तर ४८० भागिले ८०० गुणिले ३६५, म्हणजे २१९ दिवस. आता पुरवठादारांचे २०० कोटी देणं आहे असं धरा. उरलेले २८० कोटी कंपनीला कुठून तरी आणावे लागतात. ११ टक्क्यांनी कर्ज काढलं तर व्याज जवळपास ३१ कोटी. कामातला ढोबळ नफा १० टक्के, म्हणजे ८० कोटी धरला, तर त्यातले ३१ बँकेकडे गेले. घसारा आणि कर अजून बाकी आहेत. येणं आणखी ६० दिवस लांबलं की वर १३१ कोटी अडकतात आणि व्याजात १४ कोटींची भर पडते.

म्हणून पाच वर्षांचा कामकाजातला रोख प्रवाह बेरजेत घ्या आणि पाच वर्षांच्या करोत्तर नफ्याशेजारी ठेवा. एखाद्या वर्षी रोख उणे असणं या धंद्यात चालतं. पाच वर्षांची बेरीजही नफ्याच्या निम्म्याखाली असेल तर नफ्याच्या आकड्यावर भिस्त ठेवू नका.

७. वार्षिक अहवाल तीनशे पानांचा असतो. नेमकं काय पाहू?

या क्रमाने गेलात तर तासाभरात काम होतं.

आधी रोख प्रवाहाचं विवरण. मग रिसीव्हेबल्सच्या वयाचं कोष्टक: सहा महिने, एक वर्ष, दोन वर्षं, तीन वर्षांहून जुनं. ‘तीन वर्षांहून जुनं’ हा रकाना दरवर्षी फुगत असेल आणि त्यापोटी तरतूद नगण्य असेल, तर पुढे कधीतरी मोठा तोटा एकदम नोंदवला जाईल. मग कॉन्ट्रॅक्ट ॲसेटची टीप, आकस्मिक देण्यांची टीप (बँक गॅरंटी किती, त्यातल्या वादात किती), संबंधित पक्षांचे व्यवहार (पोटकंत्राटं प्रवर्तकांच्याच खासगी कंपनीला जातात का) आणि शेवटी लेखापरीक्षकाचे ‘की ऑडिट मॅटर्स’. जाळं उभारणाऱ्या कंपनीत विक्रीची नोंद आणि येण्याची वसुली हे दोन मुद्दे तिथे बहुधा असतातच. त्यातली भाषा आधीच्या वर्षीपेक्षा कडक झाली आहे का, ते शेजारी ठेवून वाचा.

पत मानांकन संस्थेचा अहवाल फुकट मिळतो आणि कंपनीच्या सादरीकरणापेक्षा जास्त उघड बोलतो. खेळत्या भांडवलाची मर्यादा सरासरी किती टक्के वापरली जाते, ते त्यात लिहिलेलं असतं. ९० टक्क्यांच्या वर सातत्याने असेल तर कंपनीला श्वास घ्यायला जागा नाही.

८. बँक गॅरंटीचा इतका बाऊ का करतात? ते कर्ज नाही ना?

कर्ज नाही, पण तिची मर्यादाही कर्ज देणारी बँकच ठरवते. टेंडरसोबत बयाणा, काम मिळालं की परफॉर्मन्स गॅरंटी (कंत्राटाच्या साधारण ३ ते १० टक्के), मोबिलायझेशन ॲडव्हान्स (काम सुरू करण्यासाठी उचल) घेतला तर तेवढ्याच रकमेची आणखी एक. वर बँक मार्जिन म्हणून काही रक्कम ठेवीत अडकवते आणि दरवर्षी कमिशन घेते. ताळेबंदात भरपूर रोख दिसणाऱ्या कंपनीची निम्मी रोख अशी गहाण असू शकते. टिपेत ‘मार्जिन मनी म्हणून ठेव’ असं शोधा. मर्यादा संपली की हातात आलेलं टेंडरही भरता येत नाही.

९. साइटवर नेमकं काय बिघडतं?

सगळ्यात आधी परवानगी. रस्ता राज्य महामार्गाचा, पुढे जिल्हा परिषदेचा, मध्ये वनखात्याचा पट्टा, पुढे रेल्वेचं फाटक. चार खात्यांपैकी एकाची परवानगी अडली की रिंग पूर्ण होत नाही, आणि रिंग पूर्ण नसेल तर त्या टप्प्याचं बिलही अडू शकतं. दूरसंचार कायदा २०२३ खालचे मार्गाधिकाराचे नवे नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाले. त्यांत मुदती आणि शुल्काची मर्यादा आहे. प्रत्यक्षात फरक पडला का, हे कंपनीच्या कॉन्फरन्स कॉलमध्ये विचारण्यासारखं आहे.

मग जमीन. बीएसएनएलच्या कामांत केबलची नेहमीची खोली १६५ सेंटिमीटर असते. देशावरच्या काळ्या मातीत हे काम यंत्र झपाट्याने करतं. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात किंवा कोकणातल्या जांभ्यात तेवढी खोली गाठायला ब्रेकर लावावा लागतो आणि मीटरमागे खर्च कितीतरी पट होतो. खोली कमी भरली तर लोखंडी पाइप किंवा काँक्रीटचं आवरण द्यावं लागतं, शिवाय दरात कपात होते. मातीचा दर धरून निविदा भरली आणि खाली कातळ लागला, इथेच अनेक कंत्राटांचा नफा जातो.

पावसाळा तर आहेच. महापालिका पावसाळ्याआधी खोदाई थांबवतात आणि गणपती होऊन जाईपर्यंत रस्ते मोकळे होत नाहीत. म्हणून जुलै-सप्टेंबर तिमाही मंद आणि जानेवारी-मार्च भरगच्च. लागोपाठच्या तिमाहींची तुलना करू नका, गेल्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी करा.

शेवटी चाचणी. केबलचं ड्रम साधारण २ किलोमीटरचं असतं, म्हणजे दर दोन किलोमीटरला सांधा. प्रत्येक सांध्यात प्रकाश थोडा गळतो. ओटीडीआर यंत्रावर ही गळती ठरलेल्या मर्यादेबाहेर दिसली की सांधा परत खोलायचा. स्वस्त पोटकंत्राटदाराने घाईत मारलेले सांधे स्वीकृती महिनोन्महिने लांबवतात. उशिराचा दंड आठवड्याला अर्धा टक्का आणि एकूण दहा टक्क्यांच्या आसपास मर्यादा, हे नेहमीचं रूप. पातळ नफ्याच्या कामात तेवढा दंड म्हणजे अख्खा नफा.

१०. देखभालीचं उत्पन्न दहा वर्षांचं आहे. ते तरी सुरक्षित ना?

उभारणीपेक्षा स्थिर, पण बिनधोक नाही. जाळं ठरलेल्या टक्केवारीपेक्षा कमी वेळ चालू राहिलं तर त्या तिमाहीच्या बिलातून कपात होते. रस्ता रुंदीकरणात जेसीबीने केबल तोडली तरी पहिली धावपळ कंत्राटदाराचीच. खोदाईआधी सूचना देण्यासाठी ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप मार्च २०२३ मध्ये सुरू झालं. रस्त्याचा ठेकेदार ते वापरेलच असं धरून हिशेब करता येत नाही. शिवाय देखभालीचा दर आज ठरलेला आहे आणि मजुरी दरवर्षी वाढते. पाच वर्षांनंतरची एक टक्क्याची वाढ (५.५ वरून ६.५) तेवढी भरून काढेल का, हा प्रश्न व्यवस्थापनाला विचाराच.

११. ग्राहकच बुडाला तर?

तर कंत्राटदार रांगेत मागे उभा राहतो. दिवाळखोरी संहितेत तो ‘ऑपरेशनल क्रेडिटर’ ठरतो आणि बँका त्याच्या पुढे असतात. एरिक्सनने रिलायन्स कम्युनिकेशन्सचं जाळं चालवण्याचं कंत्राट घेतलं होतं. थकबाकी मोठी होती, तडजोड ५५० कोटींवर झाली. तेवढेही वेळेत मिळाले नाहीत. फेब्रुवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अवमानाचा ठपका ठेवल्यावर मार्चमध्ये उरलेले सुमारे ४५९ कोटी आले. एरिक्सनसारख्या कंपनीला सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढणं परवडलं, गावोगावच्या पोटकंत्राटदारांना ते परवडणारं नव्हतं.

भारतात आता मोठे खासगी ग्राहक दोन-तीनच उरले आहेत. म्हणून एका ग्राहकावर विक्रीचा किती टक्के भार आहे, ही टीप (१० टक्क्यांहून मोठे ग्राहक जाहीर करावे लागतात) चुकवू नका. सरकारी ग्राहक बुडत नाही, पण पैसे लांबवू शकतो, आणि लांबलं की काय होतं ते प्रश्न ६ मध्ये आहेच.

एका मोठ्या ग्राहकाचं काम संपलं की काय होतं, याचं ताजं उदाहरण उपकरणं बनवणाऱ्या तेजस नेटवर्क्सचं आहे. बीएसएनएलच्या ४जी साठी टीसीएसमार्फत मोठा पुरवठा झाल्याने २०२४-२५ ची विक्री ८,९०० कोटींच्या वर गेली. तो पुरवठा सरताच पुढच्याच एप्रिल-जून तिमाहीत विक्री सुमारे २०२ कोटी आणि तोटा १९४ कोटी. शिखरावरच्या नफ्यावर पी-ई काढून ‘स्वस्त’ म्हणणाऱ्यांची इथे फसगत झाली.

१२. अमेरिकेतल्या अशा कंपन्या जास्त स्थिर आहेत का?

डायकॉम, मासटेक, क्वान्टा ही तिथली मोठी नावं. यातली डायकॉम मुख्यतः याच कामाची. तिचा धंदा एटी अँड टीसारख्या मोजक्या ग्राहकांवर चालतो, पहिले पाच ग्राहक निम्म्याहून जास्त विक्री देतात. तिथे काम ‘मास्टर सर्व्हिस ॲग्रीमेंट’वर असतं: दर ठरलेला, पण किती काम देणार याची हमी नाही. त्यामुळे जाहीर होणारा ‘बॅकलॉग’ बराचसा कंपनीचा स्वतःचा अंदाज असतो. आपल्याकडच्या ऑर्डर बुकपेक्षाही तो सैल आहे. तिचं आर्थिक वर्ष जानेवारीअखेर संपतं आणि थंडीतली तिमाही कमजोर असते, जसा आपल्याकडे पावसाळा.

ग्राहक तिथेही बुडतात. २०१९ मध्ये विंडस्ट्रीम या दूरसंचार कंपनीने दिवाळखोरी जाहीर केल्यावर डायकॉमला येण्यापोटी सुमारे १.७२ कोटी डॉलर तोट्यात धरावे लागले. सरकारी पैसाही तिथे रेंगाळतो: ग्रामीण ब्रॉडबँडसाठी ४,२४५ कोटी डॉलरची तरतूद २०२१ मध्ये झाली आणि २०२५ मध्ये नियमच बदलले, फायबरला मिळणारं प्राधान्य काढलं.

भारतातून पैसे पाठवायचे तर वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे आणि १० लाख रुपयांवरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस (उगमाशी गोळा होणारा कर) कापला जातो. तो विवरणपत्र भरताना वळता होतो, पण तोवर पैसा अडकतो.

१३. माझ्याकडे स्टरलाइट टेक्नॉलॉजीजचे शेअर होते. एसटीएल नेटवर्क्सचे आपोआप आले. त्यांची खरेदी किंमत शून्य धरायची का?

नाही. विभाजन ३१ मार्च २०२५ पासून अमलात आलं आणि एका शेअरमागे एक शेअर मिळाला. मूळ खरेदी किंमत दोन कंपन्यांत वाटायची असते, निव्वळ पुस्तकी मूल्याच्या प्रमाणात. ते प्रमाण कंपनी भागधारकांना कळवते आणि तिच्या संकेतस्थळावर मिळतं. दोन्ही आकड्यांची बेरीज मूळ खरेदीइतकीच आली पाहिजे. नव्या शेअरचा धारणाकाळ मूळ खरेदीच्या तारखेपासूनच मोजतात, म्हणजे जुन्या गुंतवणूकदाराने लगेच विकला तरी दीर्घ मुदतीचा भांडवली नफा ठरतो. ब्रोकरच्या ॲपवर किंमत शून्य दिसत असेल तर ती हाताने दुरुस्त करून घ्या, नाहीतर वर्षअखेरच्या भांडवली नफ्याच्या अहवालात अख्खी विक्री नफा म्हणून येईल.

१४. उपग्रह इंटरनेट आल्यावर फायबर टाकणाऱ्यांचं काय?

स्टारलिंकला भारतात जून २०२५ मध्ये परवाना मिळाला. डोंगरातल्या वाड्या-पाड्यांसाठी ती सोय खरोखर उपयोगी आहे. पण टॉवरला, डेटा सेंटरला आणि दाट वस्तीला लागणारी क्षमता फायबरच देतं. कंत्राटदाराला धक्का बसलाच तर तो शेवटच्या, विरळ वस्तीच्या टोकाला बसेल, आणि तिथे मीटरमागे खर्च सर्वाधिक असल्याने नफा तसाही सर्वांत पातळ असतो.

१५. कंपनी म्हणते लवादात तीनशे कोटींचा दावा जिंकला. ते पैसे धरू का?

धरू नका. लवादाचा निवाडा लागला तरी समोरचा पक्ष त्याला न्यायालयात आव्हान देतो आणि वर्षं जातात. काही कंपन्या बँक गॅरंटी देऊन निवाड्याच्या रकमेतला काही भाग आधी उचलतात. ती रक्कम न्यायालयात हरल्यास परत करावी लागते, म्हणून ती उत्पन्नात घेतली आहे की देण्यांत दाखवली आहे ते टिपेत पाहा. निवाडाही न लागलेला दावा विक्रीत किंवा कॉन्ट्रॅक्ट ॲसेटमध्ये घेतलेला दिसला तर ती रक्कम नक्त मूल्यातून वजा करून पुस्तकी मूल्य पुन्हा काढा.